मृत्युपत्रातला मुलगा

३ फेब्रुवारी

आज बँकेत कळलं की मी सर्व्हायव्हर आहे. खिडकीपलीकडची मुलगी हसून म्हणाली, "काकू, तुमचं काम सोपं आहे. खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आहे आणि तुम्ही सर्व्हायव्हर आहात." परीक्षेत पहिली आल्यासारखं सांगत होती. अर्थ विचारला तर म्हणाली, दोघांपैकी कोणीही, किंवा मागे उरेल तो. पासबुकाच्या पहिल्या पानावर हे इतकी वर्षं छापलेलं आहे. मला वाटायचं ते शाखेचं नाव असेल.

ह्यांना जाऊन पंचवीस दिवस झाले. कोर्टाच्या फाटकाबाहेरच्या शेडमध्ये, टेबलाशी बसल्या बसल्या गेले. छत्तीस वर्षं त्याच टेबलावर लोकांची प्रतिज्ञापत्रं, करारनामे, मृत्युपत्रं इंग्रजीत टाईप केली. शेवटचं प्रतिज्ञापत्र अर्धं राहिलं होतं. ते शेजारच्या टेबलावरच्या भावजींनी पुरं केलं, कारण गिऱ्हाईक ताटकळत होतं. भावजी म्हणजे सख्खे दीर नव्हेत. ह्यांचे जोडीदार, तेही टायपिस्टच. मला वहिनी म्हणतात म्हणून ते भावजी.

ही वही त्यांनीच आणून दिली. "वहिनी, आता जिथे जाल तिथे इंग्रजी कागद पुढे करतील. भेटेल तो शब्द लिहून ठेवा, अर्थ मी सांगतो. आणि पानं उरली तर मनातलंही लिहा, कोण वाचतंय?" मी दहावी झालेली बाई. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचते, पण अर्थ डोक्यावरून जातो. माझा धंदा कपड्यांच्या दुरुस्तीचा. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, उसवलेलं शिवणं. त्याला इंग्रजी लागत नाही. घरात इंग्रजी हे खातं ह्यांचं होतं आणि सुई-दोरा माझं.

आजचे शब्द. डिसीज्ड म्हणजे मयत. नॉमिनी म्हणजे ज्याचं नाव लावलंय तो. क्लेम म्हणजे मागणी.

घरी आले तर बँकेतली गंमत सांगायला कोणी नव्हतं. म्हणून एवढं लिहिलं.

४ फेब्रुवारी

ह्यांच्या फोनवर एकशे बारा संदेश आहेत. आज बसून वाचले. साठाच्या वर ठिकाणी नुसती तीन अक्षरं, आर आय पी. एखाद्या कंपनीची जाहिरात असेल असं मी महिनाभर समजत होते. भावजींनी फोनवर अर्थ सांगितला तेव्हा जीभ चावली. बाकीच्यांनी 'हार्टफेल्ट कंडोलन्सेस' पाठवलंय. म्हणजे मनापासून सांत्वन. मनापासून, पण सगळ्यांचं अक्षरन्‌अक्षर तेच. एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी खाली पाठवून दिलं, असं दिसतंय. कोणी एकाने तरी लिहायचं होतं की बुवा हा माणूस फार घोरायचा, आणि आम्ही सोबत प्रवासाला गेलो तेव्हा कोणी झोपलं नाही. ते वाचून मला बरं वाटलं असतं.

५ फेब्रुवारी

कपाटात फाईल सापडली. तिच्यात ह्यांचं मृत्युपत्र. दोन पानं, इंग्रजीत, स्वतः टाईप केलेलं, मागच्या वर्षीच्या तारखेचं. हृदयाची तपासणी करायला गेले त्याच्या आदल्या दिवसाचं. मला एका शब्दाने बोलले नव्हते.

भावजींना विचारणार होते. मग म्हटलं, माझ्या नवऱ्याचं पत्र आहे, माझं मी वाचीन. ह्यांचा शब्दकोश काढला, चष्मा लावला. सकाळी अकराला बसले आणि एक वाजेपर्यंत सात ओळी झाल्या. सातव्या ओळीत 'माय बिलव्हेड वाइफ' आलं. वाइफ माहीत होतं. दुसरा शब्द शोधला. अत्यंत प्रिय, लाडकी.

शब्दकोश मिटला, पाणी प्यायले, परत उघडून पाहिलं. तेच होतं.

चौतीस वर्षांत ह्या माणसाने मला 'अगं' म्हटलं, 'ऐकलंस का' म्हटलं, चिडले की 'बाईसाहेब' म्हटलं. लाडकी म्हणायला मात्र त्यांना मरावं लागलं, आणि तेही इंग्रजीत. मला हसूही आलं आणि रडूही. पुढचं आज वाचलं नाही. एवढ्या शब्दावर आजचा दिवस निघेल.

७ फेब्रुवारी

झालं तसं क्रमाने लिहिते.

मृत्युपत्र घेऊन वकीलबाईंकडे गेले. आमच्या राहत्या खोल्या ह्यांच्या नावावर आहेत, त्या माझ्या नावावर करायच्या. वकीलबाई तिशीची, केस बांधायलाही वेळ नसलेली. झरझर वाचून म्हणाली, "सोपं आहे. तुमच्या हयातीत तुम्हाला, आणि नंतर मुलाला. फक्त त्यांची संमतीची सही लागेल. कुठे असतात ते?"

"कोण?"

"मुलगा."

मी म्हटलं, आम्हाला मूलबाळ नाही. तिने पुन्हा वाचलं. मग कागद माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. ओन्ली सन. एकुलता मुलगा. हे दोन शब्द मला शब्दकोशाशिवाय आले.

तिने पेनाचं टोपण लावलं. खूप हळू म्हणाली, "बाई, असं कधी कधी निघतं. माझ्याकडे तुम्ही पहिल्या नाही."

जिना उतरताना मधल्याच पायरीवर बसले. लोक बाजूने जात होते.

मृत्युपत्राखाली दोन साक्षीदार आहेत. विटनेस म्हणजे साक्षीदार, हा शब्द आज शिकले. एक सही स्टॅम्पवाल्याची, तो मागच्या पावसाळ्यात वारला. दुसरी भावजींची. म्हणजे भावजींना सगळं ठाऊक होतं. मला वही देताना, अर्थ सांगताना, वहिनी वहिनी करताना ठाऊक होतं.

८ फेब्रुवारी

काही लिहायचं नाही.

१० फेब्रुवारी

लग्नाला चार-पाच वर्षं झाली तेव्हा आम्ही डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या. तपासण्या माझ्या, औषधं माझी, उपास माझे. एक दिवस दवाखान्यातून बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "पुरे आता. आपण दोघं आहोत ना?" त्यानंतर ह्या विषयावर कधी बोलले नाहीत. टोमणा नाही, सुस्कारा नाही. बायका मला म्हणायच्या, नशीब काढलंस, असा नवरा मिळत नाही. मीही तेच म्हणत आले.

आता कळलं. तुमचा प्रश्न सुटला होता, म्हणून तुम्ही गप्प होतात. मोठेपणा कसला त्यात? दुसरीकडे पाळणा हलत होता, मग इथे कशाला कुरकुर करायची?

भावजींचा फोन आला. उचलला नाही. परत आला. तरी उचलला नाही.

११ फेब्रुवारी

भावजी घरी आले होते. मी दार अर्धंच उघडलं. "वहिनी, बरं नाही का? शब्द नाहीत का आज?" असं विचारत होते, आणि नजर खाली. खालीच असणार! मी म्हटलं, डोकं दुखतंय. ते म्हणाले, "त्याचं टेबल अजून तसंच ठेवलंय मी. कोणाला बसू देत नाही." एवढं बोलून बराच वेळ उभे राहिले आणि मग गेले. मनात काहीतरी खात असल्याशिवाय माणूस असा उभा राहत नाही.

१३ फेब्रुवारी

आज मला तो सापडला. म्हणजे त्याची मापं सापडली.

मी मापाची वही पहिल्या गिऱ्हाइकापासून ठेवलेली आहे. अशा एकवीस वह्या. सकाळी एका पँटला पट्टी लावताना एकदम आठवलं. पूर्वी दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी हे एका लहान मुलाच्या पँट आणायचे. "शेडमधल्या एकाच्या आहेत," म्हणायचे आणि मजुरी लगेच टेबलावर ठेवायचे. मी विचारलं नाही कोणाच्या. नवरा गिऱ्हाईक आणतो म्हणून उलट बरं वाटायचं.

जुन्या वह्या काढल्या. आहे सगळं. उंची पंचवीस, पुढच्या वर्षी सत्तावीस, मग एकोणतीस, मग तीस, मग चौतीस. त्या एका वर्षात चार इंच वाढला होता! दर वर्षी शेरा एकच, 'डाव्या गुडघ्याला ठिगळ'. पडायचा तो नेहमी डाव्याच अंगावर. शेवटची नोंद सोळा वर्षांपूर्वीची. चौतीस उंची म्हणजे अकरा-बारा वर्षांचा. आता सत्तावीस-अठ्ठावीसचा झाला असेल.

कंबर बारीक, पाय लांब. ह्यांची शरीरयष्टी तीच.

मी त्याचं गुडघ्याचं ठिगळ पाच वर्षं शिवत होते आणि हे समोर बसून पेपर वाचत होते. रागाने वही भिंतीवर मारली. मग उचलली, कारण पानं सुटी झाली होती, आणि त्यांना दोरा घातला.

१४ फेब्रुवारी

ठिगळ मी नेहमी आतून लावायचे. बाहेरून लावलं की पोरं चिडवतात. कोणाच्या का असेनात पँट, हे मी केलं होतं ते बरं झालं.

१७ फेब्रुवारी

वकीलबाई म्हणाली, मुलाचा पत्ता नाही तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागेल. चौदा दिवसांची मुदत. क्लेमंट म्हणजे हक्क सांगणारा. कोणी आला तर आला, नाही आला तर पुढचा मार्ग काढता येईल.

"पण विचार करून द्या," ती म्हणाली. "आलाच तर तुमच्यानंतर खोल्या त्याच्या. आत्तासुद्धा त्रास देऊ शकतो."

मी म्हटलं, "देऊ दे."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मलाही माझं नवल वाटलं. दहा दिवसांपूर्वी त्याच्या आईचा मी मनात गळा धरला होता. ती कोण असेल, कशी असेल, ह्यावर तीन दिवस फुकट घालवले. आता तिच्याविषयी काहीच वाटत नाही. त्याच्याविषयी मात्र वाटतं. त्याला वडील गेल्याचं कळलं तरी असेल का? कळलं असेल तर कोणाजवळ बोलला असेल? मला निदान एकशे बारा संदेश आले.

२० फेब्रुवारी

नणंदेचा फोन आला. ती दर आठवड्याला करते, दूरच्या शहरात असते. "एकटी कशी राहतेस वहिनी, माझ्याकडे ये" हे तिचं नेहमीचं. तिला मुलाचं सांगितलं नाही. भावाचा फार अभिमान आहे तिला, तो कशाला मोडा? मी नुसतं विचारलं, "तुझा दादा लहानपणी दिसायचा कसा गं?"

तिला इतका आनंद झाला! म्हणाली, कान बाहेर आलेले, हवेत उडेल की काय वाटायचं. कुत्र्याला घाबरायचा. चिडला की कोपऱ्यात जाऊन आकडे मोजायचा. शंभराच्या पुढे गेला की राग गेला असं समजायचं. बोलता बोलता ती रडायला लागली आणि मी इकडे सगळं टिपून घेत होते. बाहेर आलेले कान. आकडे मोजणं.

शेवटी ती म्हणाली, "तू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलंस." खरं आहे. मला वाटायचं की माझ्यापर्यंत आले तोच माणूस पुरा आहे.

२५ फेब्रुवारी

भावजींचे फोन बंद झाले. मनाला लागलं असेल, किंवा पितळ उघडं पडलं हे समजलं असेल. नाहीतरी मला कोणते शब्द विचारायचे होते? आता बहुतेक मीच शोधते. सक्सेसर म्हणजे मागून येणारा वारस. मोर्नर म्हणजे शोक करणारा. इंग्रजीत शोक करणाऱ्याला वेगळं नाव आहे, टायपिस्ट किंवा शिंपी असतो तसं. हे बरं आहे. कोणी विचारलं, सध्या काय करता, तर सांगता येतं.

१ मार्च

नोटीस छापून आली. पान नऊ, खालच्या कोपऱ्यात, एका बाजूला हरवलेल्या गुणपत्रिकेची जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला जमिनीची. 'मयतांचा एकुलता मुलगा असल्याचा ज्यांचा दावा असेल त्यांनी चौदा दिवसांच्या आत पुराव्यानिशी खालील पत्त्यावर संपर्क साधावा.' खाली वकीलबाईचा पत्ता छापणार होते. मी हट्टाने घरचा घालायला लावला.

पाच अंक विकत घेतले. एवढे कशाला, ते माहीत नाही.

३ मार्च

दोनदा घंटी वाजली. एकदा सिलिंडरवाला. एकदा चेन तुटलेली बाई. दोन्ही वेळा मी आधी आरशात पाहिलं आणि मग दार उघडलं.

ह्यांचे शर्ट वृद्धाश्रमाला द्यायचे म्हणून गाठोडं बांधलं होतं. ते सोडलं. मापाने त्याला होतील. दोन-चार ठिकाणी खांद्याला थोडं घ्यावं लागेल, ते समोर उभं करून बघता येईल.

४ मार्च

तो मला काय म्हणेल? आई म्हणणार नाही, आणि म्हणायला मी लावणारही नाही. त्याची आहे ती आहे. मावशी म्हटलं तर भलतंच नातं होतं. मॅडम म्हणाला तर मी दार लावून घेईन. काकू चालेल. बँकेतली मुलगी म्हणते, तोही म्हणेल.

आणि मी काय म्हणू? मृत्युपत्रात त्याचं नावही नाही. नुसता 'माझा एकुलता मुलगा'. एवढी वर्षं लपवलं तेव्हा निदान नाव तरी लिहायचं होतं ना ह्यांनी! हा आळस त्यांच्या स्वभावात बसत नाही, पण आता मी स्वभावाविषयी काही बोलत नाही.

७ मार्च

बाहेर जायचं बंद केलं आहे. मी गेले आणि तो येऊन गेला असं व्हायला नको. भाजीवालीला वरून पिशवी सोडते. बाहेरची खोली पुसली, मशीन आतल्या खोलीत सरकवलं. त्याच्याशी बोलायचे विषय काढून ठेवले आहेत. तो बुजला तर मला बोलावं लागेल. डावा गुडघा आता दुखतो का, हे विचारणार आहे. त्यावरून त्याला कळेल की मी परकी नाही.

मला तो यावा असं वाटतं. लिहायला लाज वाटते, पण वाटतं. सुटीवर गेलेलं माणूस यावं तसं वाटतं. ह्या घरात ह्यांची आठवण असलेली मी एकटीच आहे. निम्मी आठवण त्याने उचलली तर मला पेलेल.

९ मार्च

घंटी नाही.

११ मार्च

संध्याकाळी साडेचारला घंटी वाजली. लांब वाजली, अनोळखी माणूस वाजवतो तशी. मी केस सारखे केले आणि दार उघडलं.

भावजी होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात चुरगळलेला पेपर. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलेलं. आज शेडमध्ये आल्या आल्या मागच्या अंकांमधल्या नोटिसा वाचायला बसले. आमच्या शेडमध्ये पेपर नोटिशीपासून वाचतात, हेही असेच वाचायचे.

"वहिनी, हे काय छापलंय? कोणाचा मुलगा?"

माझा इतक्या दिवसांचा बांध फुटला. म्हटलं, "मला विचारता? साक्षीदार तुम्ही. तुमची सही आहे खाली. चौतीस वर्षं मला वेड्यात काढलंत दोघांनी!"

ते दारातच खाली बसले. मी मृत्युपत्र आणून त्यांच्या मांडीवर टाकलं. चांगल्या डोळ्याजवळ धरून त्यांनी वाचलं. मधल्या कलमाशी आले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"वहिनी, साक्षीदार मजकूर वाचत नाही. तो फक्त सही होताना बघतो. आम्ही दिवसाला दहा जणांच्या सह्या बघतो." मग म्हणाले, "हे जुन्या ड्राफ्टवरचं आहे. हे कलम दुसऱ्याचं आहे."

मला कळेना. त्यांनी समजावलं. शेडमध्ये नवं मृत्युपत्र कोणी कोऱ्या पानावर सुरू करत नाही. आधीच्या कोणाचं तरी उघडायचं, नाव, वय, पत्ता बदलायचा आणि बाकी तसंच ठेवायचं. मी कागदी बेतावर कपडा कापते तसंच ते. त्या दिवशी दुपारी हे घाईत होते, दुसऱ्या दिवशी तपासणी होती. दोन गिऱ्हाइकांच्या मधे स्वतःचं मृत्युपत्र उरकलं. वरचं बदललं, खालचं बदललं, मधलं राहिलं.

"त्यांच्या हातून? अशी चूक?"

"दुसऱ्याचं टाईप केलं की तो तीनदा वाचायचा, वहिनी. स्वतःचं एकदाही वाचलं नसेल. वाचायला भीती वाटली असेल."

मी मापाच्या वह्या काढल्या. पंचवीस, सत्तावीस, सगळं दाखवलं. त्यांनी ते आकडे पाहिले आणि डोळ्याची पट्टी विसरून तोंडावरून हात फिरवला.

"माझ्या पोराच्या पँट आहेत ह्या. डावा पाय जरा आखूड होता त्याचा, ऑपरेशनने सरळ झाला. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मजुरी घेतली नसती. म्हणून तुमचा नवरा मला म्हणायचा, घरी शेडमधल्या एकाच्या असं सांगतो." मग म्हणाले, "तो तसा माणूस नव्हता, वहिनी. माझ्या पोराची शपथ."

माझ्या नवऱ्याचं नाव निर्मळ झालं. खोल्या माझ्या झाल्या. मी भावजींना चहा केला. ते मला दिलासा देत होते आणि मी हो हो म्हणत होते. ते गेल्यावर बाहेरच्या खोलीत बसून राहिले. आनंद व्हायला हवा हे मला कळत होतं.

१२ मार्च

भावजी तो जुना ड्राफ्ट घेऊन आले. अकरा वर्षांपूर्वीच्या कोणा एकाचा. दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीवर ओळ लावली. तेच कलम, तोच 'एकुलता मुलगा'. त्या गृहस्थांना खरोखरच होता.

सातव्या ओळीवर मी बोट ठेवलं. तिथेही 'माय बिलव्हेड वाइफ'.

"हाही?"

भावजी खिडकीबाहेर पाहू लागले. "तो शब्द फॉर्मॅटमध्येच असतो. सगळ्यांना असतो. नको असेल तर आम्ही काढतो. त्याने काढला नाही, वहिनी."

"काढला नाही, की वाचला नाही?"

त्यांनी दोन्ही कागद जुळवून घडी घातली. मी आग्रह केला नाही. ह्यांच्यावर महिनाभर जे जे मनात बोलले त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली, मोठ्याने, भावजींच्या देखत. पण एवढी रागावले होते तेव्हा भांडायला तरी हे घरात होते. आज तेही नाहीत.

१३ मार्च

वकीलबाईने अभिनंदन केलं. "मोकळ्या झालात!" म्हणाली. आता एक प्रतिज्ञापत्र करायचं, सोबत जुना ड्राफ्ट आणि भावजींचा जबाब जोडायचा. मयत इश्यूलेस होते असं मी शपथेवर लिहून द्यायचं. इश्यूलेस म्हणजे निपुत्रिक. पूर्वी हा शब्द बायका माझ्या पाठीमागे बोलायच्या, तेव्हा तो मराठीत होता.

मी विचारलं, "नोटिशीची मुदत पंधरापर्यंत आहे ना?"

"आता त्याची गरज नाही हो."

"पण आहे ना?"

"आहे," ती म्हणाली.

१५ मार्च

आज दिवसभर घरीच होते. वेडेपणा आहे हे मला कळतं. जो नाही तो येणार कुठून? तरी कायद्याने आज संध्याकाळपर्यंत तो येऊ शकत होता. सहा वाजले तेव्हा शर्टांचं गाठोडं परत बांधलं आणि मशीन बाहेरच्या खोलीत आणलं. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, आवाज बसलाय का गं? मी म्हटलं, नाही, आज बोललेच नाही कोणाशी.

१९ मार्च

प्रतिज्ञापत्र झालं.

भावजींनी स्वतः टाईप केलं, कोऱ्या पानावर. मग मला मोठ्याने तीनदा वाचून दाखवलं आणि प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. ह्यांच्या टेबलावर मला बसवलं होतं. शेडमधले सगळे आपापलं काम थांबवून आमच्याकडे बघत होते.

नोटरी शेडच्या मागच्या खोलीत बसतात. सत्तरीचे, जाड भिंगांचे, शिक्का हातातच धरून बसलेले. बाहेर सात-आठ जण रांगेत. त्यांनी ठरलेले प्रश्न ठरलेल्या चालीत विचारले. मजकूर वाचला? समजला? सही स्वखुशीने? मी हो हो म्हणत गेले. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि मूलबाळ नाही. झालंच नाही, बरोबर?"

हा प्रश्न मला चौतीस वर्षं लोकांनी विचारला. लग्नात, बसमध्ये, दवाखान्यात. मी 'नाही' असं चटकन सांगते, म्हणजे पुढचं कोणी विचारत नाही. आजही 'नाही'च म्हणायचं होतं. मी कागदावर तो इश्यूलेस शब्द शोधत राहिले. भावजी शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "वहिनी, नाही म्हणा."

मी म्हटलं, "होता. मुलगा. महिनाभर होता."

नोटरींचा हात थांबला. त्यांनी शिक्का बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "मला माफ करा, बाई," म्हणाले. "मी फार वाईट रीतीने विचारलं." मग दाराशी जाऊन रांगेतल्या लोकांना सांगितलं की पाच मिनिटं बाहेर थांबा. परत येऊन स्वतःची खुर्ची ओढून मला दिली. "कागद चुकीचा नाही. मागे उरलेलं अपत्य नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. महिन्याचं का असेना, मूल ते मूल."

मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. भावजींनीही केला नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ह्यांना जाऊन एकोणसत्तर दिवस झाले, त्यात मी लोकांसमोर एकदाही रडले नव्हते. आज त्या खुर्चीत बसून मुलासाठी रडले. कोणी विचारलं नाही कशाला, आणि कोणी गप्पही करायला आलं नाही. नंतर भावजींनी बोट ठेवलं तिथे सही केली.